पटावरचे नाव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबप्रमुखांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या भाषणाचा विषय 'एन्रोलमेंट' असा एकाच शब्दात छापला आहे. भाषणास हा विषय थोडा रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु तो निवडण्यास कारण घडले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाची नव्याने नोंदणी करावी असे समितीने ठरविले आणि कार्यालयाच्या दाराशी तशी पाटी लागली. पाटी वाचून अनेकांनी आम्हास प्रश्न केले. कोणी म्हणाले, “फादर, आमची नावे बाप्तिस्म्याच्या वहीत आहेतच, मग पुन्हा हे कशाला?” कोणी विचारले, “यास वर्गणी किती?” आणि एका भाडेकरू बंधूने दबक्या आवाजात विचारले, “आम्ही मूळचे येथले नव्हे. आमचे नाव यात चालेल काय?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उभ्या उभ्या देता आली असती. तिसरा प्रश्न मात्र मनाला लागून राहिला. ज्या धर्मग्रामाने पन्नास वर्षे प्रभुभोजनाचे मेज मांडले, त्याच्या दारात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने आपले नाव चालेल काय असे विचारावे, हे का घडले? नाव नोंदणे म्हणजे काय, याचा आपल्या सर्वांना थोडा विसर पडला असावा. म्हणून आज या एका शब्दाचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. इंग्रजी 'एन्रोल' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याच्या पोटात 'रोल' हा शब्द आहे, आणि रोलचे मूळ लॅटिन 'रोतुलुस', म्हणजे लहान चाक किंवा गुंडाळी. जुन्या काळी राजदरबारचे लेख चर्मपत्राच्या लांब पट्टीवर लिहून ती पट्टी गुंडाळून ठेवीत. त्या गुंडाळीत एखाद्याचे नाव चढविणे म्हणजे त्याला एन्रोल करणे. शाळेतला 'रोल नंबर' हा त्याच गुंडाळीचा अवशेष होय.

आपल्या मराठीतले शब्द याहून बोलके आहेत. आपण 'पट' म्हणतो. संस्कृतात पट म्हणजे वस्त्र. पटावर नाव येणे म्हणजे जणू वस्त्रात एक धागा विणला जाणे. तो धागा ओढला तर सारे वस्त्र आकसते. आपण 'दाखल' म्हणतो. तो शब्द अरबीतून आला, आणि त्याचा अर्थ आत आलेला. आपण 'यादी' म्हणतो. तो फारसी 'याद' या शब्दापासून झाला, आणि याद म्हणजे स्मरण. वाण्याकडे सामान आणावयास जाताना आपण यादी करतो ती काही विसरू नये म्हणूनच. तेव्हा कोणाचे नाव यादीत लिहिणे याचा मूळ अर्थ, त्या माणसाचा आपणास विसर पडू देणार नाही असा शब्द देणे, हाच होय.

रोजच्या बोलण्यात आपण नावाविषयी किती परींनी बोलतो पाहा. मूल सहा वर्षांचे झाले की आपण शाळेत त्याचे नाव घालतो. ते शिकून मोठे झाले म्हणजे त्याने आईबापांचे नाव काढले असे म्हणतो. आणि तेच मूल अर्ध्यावर शाळा सोडून कामास लागले, तरी शाळेतून त्याचे नाव काढले असेच म्हणतो. एकाच क्रियापदात गौरवही आणि वियोगही! आणखी असे की, नाव घालणे व नाव घालविणे यांत अक्षराचे अंतर अगदी थोडे आहे. नाव घालून झाल्यावर माणूस पुढे काय करतो, यावर सारे अवलंबून राहते. आणि हा नियम ज्याने नाव घातले त्यास जितका लागू, तितकाच ज्याने ते वहीत लिहून घेतले त्यासही लागू आहे.

हे दुसरे अंग लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही, म्हणून त्याची व्यवहारातली काही उदाहरणे सांगतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभरातील शाळांची तीन दिवस पटपडताळणी केली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कित्येक शाळांत पटावरची मुले आणि वर्गात बसलेली मुले यांचा मेळ बसला नाही. वहीत नावे होती, बाकांवर मुले नव्हती. आणि त्या नावांच्या बळावर शिक्षकांची पदे व अनुदाने चालली होती. येथे नाव लिहिणाऱ्याला नावाची गरज होती, मुलाची नव्हती. पट व हजेरी या दोन वह्या शाळेत निरनिराळ्या ठेवतात. आमच्याकडे पट आहे, पण हजेरीची वही नाही. ती ठेवावी असे आमचे मत नाही. तथापि ती वर ठेवली जात असते, एवढे स्मरण असावे.

दुसरे उदाहरण मतदार यादीचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास मताचा हक्क आहे. परंतु मतदानाच्या दिवशी त्याचे नाव यादीत असावे लागते. नुसते ओळखपत्र खिशात असून भागत नाही. आपल्यापैकी कोणी घर बदलल्यावर जुन्या यादीतून नाव गेले, नव्या यादीत आले नाही, आणि मतदान केंद्रावरून हात हलवीत परत आले, असे घडले आहे. माणूस तोच, देश तोच, हक्कही तोच. पण जेथे तो राहतो तेथील यादीत त्याची नोंद नसल्याने त्याचा आवाज उमटला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. मुंबईच्या कापडगिरण्या जोरात चालू होत्या त्या काळी कायम कामगारांखेरीज बदली कामगार असत. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते आत जावे, नसेल तर डबा तसाच घेऊन घरी यावे. त्याचे नाव गिरणीत होते म्हणावे तर होते, नव्हते म्हणावे तर नव्हते. अशा अर्धवट नावाने माणसाचा जीव कसा टांगणीस लागतो, हे ज्यांच्या घरी बदलीवाला होता त्यांनाच समजेल.

चौथे उदाहरण जमिनीचे, आणि ते सांगताना आम्हास थोडे कठोर बोलावे लागेल. सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नाही. १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आला, तेव्हा ज्यांची कूळ म्हणून नोंद होती त्यांना कसत्या जमिनीचे मालक होणे सुकर झाले. ज्यांची नोंद नव्हती त्यांना पिढीजात कसलेल्या जमिनीसाठी झगडावे लागले. हे आपल्याला ठाऊक असूनही, बाप वारल्यावर वारस नोंद करताना बहिणीचे नाव वगळण्याची रीत आपल्या ख्रिस्ती घरांतही दिसते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा व मुलगी यांचे वाटे सारखे आहेत. बहीण समजून उमजून, आनंदाने हक्कसोडपत्र करून देत असेल तर तो तिचा प्रश्न. परंतु तिला न विचारता तिचे नाव गाळणे म्हणजे, हिला माझ्या बापाची मुलगी म्हणून मी ओळखत नाही, असे सरकारी वहीत लिहून देणे होय. नाव गाळणारा हात आणि रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास पुढे होणारा हात एकच असतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

या सर्व उदाहरणांतून निघते ते इतकेच. नाव नोंदले म्हणजे दोन पक्ष बांधले जातात. ज्याचे नाव लिहिले त्याला हक्क मिळतो आणि त्याच्यावर कर्तव्यही येते. आणि ज्याने लिहून घेतले तोही त्या नावाचा देणेकरी होतो. म्हणूनच काही नावे लिहिली जात नाहीत. ज्याचे देणे लागू नये असे वाटते, त्याचे नाव माणूस लिहीत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या पुस्तकात बत्तिसाव्या अध्यायात लोकांनी सोन्याचे वासरू केल्याची कथा आहे. देवाचा कोप झाला असता मोशेने देवाला विनविले की या लोकांना क्षमा कर. नाही तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव पुसून टाक. मोशेचे स्वतःचे नाव सुरक्षित होते. तथापि आपले नाव आहे, मग झाले, असे तो म्हणाला नाही. आपल्या लोकांवाचून एकट्याने त्या पुस्तकात राहण्यास तो तयार नव्हता. ज्यांनी आम्हास विचारले की आमची नावे आहेतच, मग हे कशाला, त्यांनी मोशेचा हा अध्याय घरी सावकाश वाचावा.

संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात नोंदणी आहे, आणि तीच आपल्या नाताळाची सुरुवात होय. कैसर औगुस्त याच्या हुकुमाने सर्वांची नावनिशी होऊ लागली, आणि दाविदाच्या कुळातला म्हणून योसेफ गर्भवती मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमास गेला. कैसरास करासाठी व सत्तेसाठी माणसे मोजावयाची होती. तो लिहून घेणार होता, पण त्या नावांचे काही देणे तो लागत नव्हता. परिणाम आपण दर नाताळास गव्हाणीत पाहतो. ज्या गावी नाव नोंदविण्यास बोलाविले, त्या गावी उतरण्यास जागा नव्हती. वहीत नावाला जागा आणि घरात माणसाला जागा नाही, अशी नोंदणी आपल्या हातून होऊ नये.

त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्य मोहिमेवरून आनंदाने परत येतात आणि भुतेदेखील आम्हास वश झाली असे सांगतात. प्रभू त्यांना सांगतो की त्याचा आनंद मानू नका; तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. आणि यशया संदेष्ट्याने तर देव आपल्या लोकांना तळहातावर कोरून ठेवतो असे सांगितले आहे. वही हरवते, वाळवी लागते, शाई उडते. तळहात कोणी घरी विसरून येत नाही.

ख्रिस्तसभेने नावे लिहिण्याची रीत फार प्राचीन काळापासून पाळली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक भाविक स्त्री यरुशलेमेच्या यात्रेस गेली होती. तेथील चाल तिने लिहून ठेवली आहे. ईस्टरला ज्यांना बाप्तिस्मा घ्यावयाचा असे त्यांची नावे उपवासकाळाच्या आधी धर्मगुरू टिपून घेत. मग उपवासकाळाच्या आरंभी महामंदिरात बिशपांचे आसन मांडले जाई आणि एकेक उमेदवार पुढे आणला जाई. बिशप त्याच्या शेजाऱ्यांना विचारीत की हा आईबापांचा मान राखतो काय, दारूच्या आहारी गेलेला नाही ना, लबाड नाही ना. शेजाऱ्यांची साक्ष चांगली पडली म्हणजे बिशप स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहीत. साक्ष वाईट पडली तर, सुधारणा कर आणि मग ये, असे सांगत. प्रौढांच्या दीक्षाविधीत ही नावनोंदणी ख्रिस्तसभेने १९७२ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि तिचा दिवस उपवासकाळाचा पहिला रविवार हा आहे.

एजेरियेने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, तीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. उमेदवार परगावचा असेल आणि त्याला ओळखणारे साक्षीदार नसतील, तर त्याचा मार्ग सोपा नसे. सोळाशे वर्षांपूर्वीची ही अडचण आजही तशीच आहे. परक्या गावात माणसाजवळ बहुतेक सर्व काही असते; “मी याला ओळखतो” असे म्हणणारा शेजारी तेवढा नसतो.

पुढे त्रेंत येथील धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ठरविले की प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे नोंदवावी. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात पाच वह्या सांगितल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे धर्मग्रामातील आत्म्यांची स्थिती. ही पाचवी वही घरोघर जाऊन करावयाची असे. कोणत्या घरी कोण कोण राहतात, कोणाचे कोणते संस्कार झाले, हे धर्मगुरूने त्यात लिहावयाचे. आज आपण जी कुटुंबनोंदणी करीत आहोत ती काही समितीची नवी टूम नव्हे. ती ही पाचवी वही होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बाप्तिस्म्याच्या वहीत तुम्ही देवाच्या घरी केव्हा आलात हे लिहिले आहे. आज तुम्ही कोठे आहात आणि कसे आहात, हे पाचव्या वहीत कळते.

बाप्तिस्म्याच्या वहीविषयी एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. त्या वहीत प्रत्येक नावापाशी समासात थोडी कोरी जागा सोडलेली असते. दृढीकरण झाले, विवाह झाला, कोणी संन्यस्त जीवनाची अखेरची व्रते घेतली, कोणास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, तर ते जगात कोठेही घडले तरी त्याची सूचना बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामास येते आणि त्या कोऱ्या जागेत लिहिली जाते. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतही हाच नियम आहे. कोणी मूल येथे बाप्तिस्मा घेऊन ऑस्ट्रेलियात संसारास लागले, तरी त्याच्या विवाहाची ओळ या गावच्या वहीत उमटते. आणि ही नोंद कोणाच्या रागाने वा लोभाने खोडता येत नाही. रुसून दूर गेलेल्याचे नावही तेथे राहते, कारण बाप्तिस्मा एकदा झाला तो झालाच. आमच्या कार्यालयात माणसे दाखल्यासाठी येतात. शाळेसाठी, विवाहासाठी, परदेशच्या कागदपत्रांसाठी दाखला लागतो, आणि तो देणे आमचे कामच आहे. परंतु दाखला म्हणजे आत आल्याची खूण. दाखला घेऊन जो बाहेरच राहिला, त्याच्या हाती कागद आला आणि घर राहून गेले.

कार्मेल मातेच्या सणाला आपण स्कॅप्युलर धारण करतो, त्यालाही इंग्रजीत एन्रोलमेंटच म्हणतात. पहिली स्कॅप्युलर धर्मगुरू आशीर्वाद देऊन गळ्यात घालतात. ती जीर्ण झाली म्हणजे दुसरी आपली आपण घालावी, पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी एकदाच, पण धारण करणे रोजचे. हीच गोष्ट बाप्तिस्म्याची, हीच विवाहाची.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्या भाडेकरू बंधूला आम्ही काय उत्तर द्यावे?

ख्रिस्तसभेच्या कायद्याने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. धर्मग्राम म्हणजे सामान्यतः एका ठरावीक हद्दीत राहणारे सर्व श्रद्धावंत. त्यात मूळचे व बाहेरचे असा भेद नाही. जो माणूस एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने आला, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिला, त्याला त्या ठिकाणचे अर्धनिवासित्व प्राप्त होते. आणि कायमच्या हेतूने आला, किंवा पाच वर्षे राहिला, तर पूर्ण निवासित्व. दोन्ही प्रकारे तेथील धर्मगुरू हा त्याचा स्वतःचा धर्मगुरू होतो. घर मालकीचे की भाड्याचे, आजोबांचे थडगे या चर्चच्या आवारात आहे की नाही, मातृभाषा कोणती, हे प्रश्न कायदा विचारीत नाही. येथे चूल पेटली की माणूस येथला झाला. आपण वहीत नाव लिहितो त्यामुळे तो आपला होतो असे नव्हे. तो आपला झालेलाच असतो, आपण ते उशिरा कबूल करतो.

गेल्या काही दशकांत मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या म्हणून किती तरी कुटुंबे वसई, नालासोपारा, विरार या बाजूस आली. गोव्याची, मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची माणसे आपल्या इमारतींतून राहतात. छोटा नागपूरकडच्या मुली घरकाम करतात आणि रविवारी मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकून जातात. त्यांपैकी कित्येकांचे नाव आपल्या कोणत्याही वहीत नाही. जेथून आले तेथील वहीत ते गेलेले आहेत, आणि जेथे आले तेथील वहीत अजून आलेले नाहीत. म्हणजे आपल्या दारात ते बदली कामगारासारखे उभे आहेत. देवाच्या घरी बदली कामगार कोणी नाही, सर्व कायम आहेत. मग त्यांना दाराशी तिष्ठत ठेवणारे आपण कोण? अशा माणसाच्या घरी कोणी आजारी पडले तर तैलाभ्यंगासाठी कोणास हाक मारावी हे त्यास कळत नाही. मृत्यू झाला तर दफनाची परवानगी कोणापाशी मागावी याची धावपळ त्याने त्या दुःखात करावयाची. वहीतल्या एका ओळीवाचून केवढा एकटेपणा!

येथे आपल्या मातीतल्या एका संताचे स्मरण करणे उचित होईल. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. तरुणपणी ते जपानात गेले. जेझुइट संघात आपणास घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती, पण ती सफळ झाली नाही. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून आपल्यात घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले, आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सर्वांची नावे संतांच्या नामावलीत दाखल केली. संतपद जाहीर करणे म्हणजे दुसरे काय? ख्रिस्तसभेची ती सर्वांत मोठी नावनोंदणी होय. ज्याला एका यादीत जागा मिळाली नाही, त्याचे नाव आज आपण वेदीवरून घेतो. कोणाचेही नाव नाकारण्यापूर्वी आपल्या या थोर भावाची आठवण आपणास व्हावी.

बंधुभगिनींनो, सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नासावे वर्ष. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानावे अशी आज्ञा आहे. त्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनास आणि आपल्या कुळास परत जावे. ज्याची जमीन गेली त्याला ती मिळावी, जो दास झाला तो सुटावा, आणि प्रत्येकाचे नाव पुन्हा त्याच्या घराण्यात लागावे. जुबिलीचा मूळ अर्थ हा आहे. रोषणाई, बँड व भोजन हे त्याचे अलंकार होत. आपण अलंकार तेवढे घातले आणि अर्थ सोडला, तर महोत्सव साजरा होईल पण जुबिली होणार नाही.

म्हणून या वर्षापुरती चार कामे आम्ही आपणासमोर ठेवतो.

एक. ही नोंदणी विनाशुल्क आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. महोत्सवाची वर्गणी ज्याची त्याने यथाशक्ति द्यावी; तिचा आणि नावाचा काही संबंध नाही. ज्याने वर्गणी दिली नाही त्याचे नाव कोणी मागे ठेवू नये.

दोन. प्रत्येक जुन्या कुटुंबाने आपल्या इमारतीतील, चाळीतील किंवा आळीतील एका तरी नव्या कुटुंबाच्या घरी जावे, त्यांची विचारपूस करावी आणि त्यांना घेऊन कार्यालयात यावे. यरुशलेमेच्या त्या परगावच्या उमेदवाराला जो साक्षीदार मिळत नव्हता, तो तुम्ही व्हा. “फादर, यांना मी ओळखतो” हे चार शब्द सुवर्णमहोत्सवाची सर्वांत मौल्यवान देणगी ठरतील.

तीन. घरातील माणसे लिहिताना अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मनाने दुबळे झालेले, रुसून दूर राहिलेले, आखातात वा अन्यत्र कामाला गेलेले, कोणासही गाळू नका. आणि ज्या घरात बहिणीचे नाव दुसऱ्या कोणत्या वहीतून गाळले गेले आहे, त्या घराने या जुबिलीच्या वर्षी तहसील कचेरीची वाट धरावी. तो तीर्थयात्रेहून कमी प्रतीचा प्रवास नव्हे.

चार. हे चौथे आमच्यासाठी आहे. धर्मगुरूने कुटुंबांना भेटी द्याव्या, आपल्या माणसांना ओळखावे, गरीब, आजारी, एकाकी आणि आपल्या देशगावापासून दूर पडलेले यांची विशेष काळजी घ्यावी, असे कायदेसंहितेने आम्हास बजावले आहे. नाव लिहिणारा देणेकरी होतो असे आम्ही आताच म्हटले. ते आम्हालाही लागू आहे. या वहीत ज्यांचे नाव येईल त्यांच्या घरी आम्ही किंवा आमचे सहायक धर्मगुरू एका वर्षाच्या आत येऊ. न आलो तर आपण आम्हास जाब विचारावा. वही भरून कपाटात बंद झाली आणि कोणाच्या घराची पायरी चढली नाही, तर ती कैसराची वही झाली.

त्या भाडेकरू बंधूने नाव लिहिले आहे काय, असे आपण विचाराल. त्याचा कागद आला आहे. त्यात पाच नावे आहेत, आणि सर्वांत लहान मुलीचा बाप्तिस्मा अद्याप व्हावयाचा आहे. तिला धर्मपिता व धर्ममाता पाहिजेत. त्यांचे येथे कोणी नात्याचे नाही. ज्या कुटुंबाची तयारी असेल त्यांनी मिस्सेनंतर आम्हास भेटावे. वही उघडून ठेवली आहे.

आपण सर्वांची नावे जीवनाच्या पुस्तकात राहोत, आणि आपल्या शेजाऱ्यांवाचून तेथे जाण्याची इच्छा आपणास कधी न होवो. आमेन.